ॲसिड रेन थांबला की मेलेला ओढा परत जिवंत होतो का? नी किती वर्षं लागतात?

मुक्ता_लोकमान्यनगर
नमस्कार मंडळी. मुलगा अकरावीत आहे, शाळेत पर्यावरणाचा प्रोजेक्ट आहे नी त्याने विषय घेतलाय ॲसिड रेनचा. कारणं सगळी मिळाली, कोळसा, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड, ताजमहाल, मथुरा रिफायनरी, ते पुस्तकात आहेच. पण तो आता एकच गोष्ट धरून बसलाय की परदेशात जिथे ॲसिड रेनमुळे ओढे-नद्यांतले मासे संपले होते तिथे आता पाऊस सुधारला असेल तर ते ओढे परत ठीक झाले का, नी झाले तर आपोआप झाले की कोणी काही केलं म्हणून. सरांनी सांगितलं, प्रदूषण बंद झालं की निसर्ग आपोआप सुधारतो, एवढंच लिही. त्याचं समाधान होत नाहीये नी खरं सांगते, माझंही नाही, कारण आपोआप म्हणजे नेमकं कसं हे कुठेच नीट लिहिलेलं सापडत नाही.

दुसरं असं की इंदूरच्या आसपास त्याला जाऊन बघता येईल असं काही आहे का? खान नदीचं पाणी ॲसिडचं म्हणायचं का? प्लीज सोप्या भाषेत सांगा, लांबलं तरी चालेल, आम्ही दोघं बसून वाचू.

जुना_केमिस्ट
मुक्ताताई, मुलगा अगदी बरोबर जागी अडलाय, त्याला तिथून हलवू नका. पाऊस लवकर सुधारतो, ओढ्याचं पाणी उशिरा सुधारतं आणि पाण्यातला जीव सगळ्यात शेवटी परत येतो, आणि ह्यात दशकं जातात. कारण ओढ्याचं बहुतेक पाणी थेट आभाळातून येत नाही ना, ते आधी डोंगराच्या मातीतून झिरपतं, म्हणून ओढ्याचं काय होणार हे मातीवर ठरतं.

साधा स्वच्छ पाऊससुद्धा थोडा आम्लच असतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो म्हणून पीएच साधारण ५.६ (पीएच म्हणजे आम्लतेचं माप, ७ म्हणजे ना आम्ल ना अल्कली, त्याखाली आम्ल). अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये हबर्ड ब्रूक नावाचं संशोधनाचं जंगल आहे, तिथे १९६३ पासून जीन लाइकेन्स, हर्बर्ट बोरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पावसाचं आणि ओढ्याचं पाणी नेमाने तपासायला घेतलं, तर पाऊस निघाला ४ च्या आसपास. पीएच एकाने उतरला की आम्लता दहापट होते, म्हणजे ५.६ आणि ४ मध्ये जवळपास चाळीसपट फरक.

आता हे आम्ल मातीत शिरलं की मातीच्या कणांना धरून असलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटतं आणि सल्फेटबरोबर, म्हणजे आम्लातल्याच गंधकाच्या भागाबरोबर, वाहून जातं. हे चालू असताना ओढ्याला काहीच कळत नाही, पाणी चांगलंच दिसतं, पगार बंद झाला तरी बँकेतल्या शिल्लकीवर घर काही वर्षं चालतं तसं. शिल्लक संपत आली की मग मातीतलं ॲल्युमिनियम विरघळून पाण्यात यायला लागतं, पीएच साडेपाचच्या खाली गेला की जास्तच, आणि मासे मारणारा मुख्यतः हाच. तो कल्ल्यांवर बसतो, माशाला श्वास घेता येत नाही, रक्तातले क्षार बाहेर निघून जातात.

मग १९७९ ला हवेच्या प्रदूषणावर देशादेशांत जिनिव्हाचा करार झाला, १९८५ ला हेलसिंकीत सल्फर ३० टक्के कमी करायचं ठरलं, अमेरिकेत १९९० ची स्वच्छ हवेच्या कायद्यातली सुधारणा आली आणि तिथल्या वीजघरांचा सल्फर डायऑक्साइड तेव्हापासून ९० टक्क्यांहून जास्त घटला. पाऊस खरोखर सुधारला. पण १९९६ मध्ये लाइकेन्स आणि मंडळींनी आकडे मांडले तेव्हा दिसलं की ओढा त्या मानाने सुधारतच नाहीये. पाऊस बदलला म्हणून वाहून गेलेलं कॅल्शियम थोडंच परत येतं? खडक झिजेल तेव्हा नवीन मिळेल आणि ग्रॅनाइटसारखा खडक असला तर ते फारच हळू. त्यात भर म्हणजे धुराड्यांना फिल्टर लागले तशी हवेतली कॅल्शियमवाली धूळ आणि राखही कमी झाली, तब्येतीला ते चांगलंच, पण मातीला वरून जे थोडंफार मिळायचं तेही आटलं.

मुक्ता_लोकमान्यनगर
सर, खूप आभार, हे इतकं नीट कोणी सांगितलंच नव्हतं. वाचून त्याने लगेच विचारलं की मग कॅल्शियम आपणच टाकायचं ना, चुना टाकला की झालं, त्यात अडचण काय?

शिरीष_वडोदरा
मी वडोदऱ्याला एका एफ्लुएंट ट्रीटमेंट प्लांटवर, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करतात तिथे, आहे, आम्ल पाणी न्यूट्रल करणं हे आमचं रोजचंच काम, म्हणून ह्यावर मी लिहितो. चुना टाकतात, आणि भरपूर टाकतात. स्वीडनने १९७० च्या दशकात सुरू केलं आणि हजारो तलाव-ओढ्यांना दिलं, नॉर्वेने दक्षिणेकडच्या सॅमन माशाच्या नद्यांवर मशिनं बसवली, नदीचं पाणी वाढलं की मशीन जास्त पावडर सोडतं, कमी झालं की कमी. जिथून सॅमन गेला होता त्यातल्या कित्येक नद्यांत तो ह्यामुळे परत आलाय, ही काही छोटी गोष्ट नाही.

पण मुलाला एक नक्की सांगा, हा भिंतीला देतो तो चुना नाही. तो ओढ्यात टाकला तर पीएच एकदम ११-१२ वर जाऊन उरलंसुरलंही मरेल. तिथे बारीक दळलेला चुनखडक वापरतात, तो हळू विरघळतो आणि पीएच एका मर्यादेच्या वर नेत नाही.

अडचणी दोन. पहिली, पाण्यात टाकलेलं पाण्याबरोबर वाहून जातं. माती आम्लच राहते, म्हणून टाकतच राहावं लागतं, थांबलात की पाणी परत होतं तिथे. आमच्याकडे टाकीत पाणी येतं, डोस देतो, पुढे जातं, सोपं आहे, पण डोंगरातला ओढा चोवीस तास वाहतो नी मोठा पाऊस झाला की काही तासांत कितीतरी पट फुगतो, तेवढा डोस तेवढ्या वेळात कसा देणार? दुसरी अडचण जास्त महत्त्वाची आहे. आम्ल ओढा नी चुनखडक दिलेली नदी जिथे मिळतात तिथे पीएच अचानक चढतो, विरघळलेलं ॲल्युमिनियम नेमकं त्याच वेळी घट्ट व्हायला लागतं नी त्या थोड्या अंतरात ते माशांना आधीपेक्षाही विषारी असतं. म्हणजे पीएच मीटर सांगतंय सगळं छान नी मासे तिथेच मरतायत. फक्त पीएच बघून सर्टिफिकेट देऊ नये हे मी आमच्या नव्या पोरांनाही सांगत असतो.

जुना_केमिस्ट
शिरीष, छान लिहिलंत. म्हणूनच काही ठिकाणी पाण्याला सोडून मातीलाच औषध दिलं. हबर्ड ब्रूकमध्ये १९९९ साली सुमारे १२ हेक्टरच्या एका पाणलोटावर हेलिकॉप्टरने वोलास्टोनाइटच्या गोळ्या टाकल्या, वोलास्टोनाइट म्हणजे कॅल्शियम सिलिकेट, चुनखडकापेक्षाही सावकाश विरघळणारं खनिज. अंदाजे जेवढं कॅल्शियम इतक्या वर्षांत वाहून गेलं होतं तेवढं मातीला परत द्यायचं अशी कल्पना. शुगर मेपलची झाडं सुधारली, ओढ्याचा पीएचही वर आला. पण बऱ्याच वर्षांनी त्याच ओढ्यातून नायट्रेट जास्त वाहायला लागलं, कारण माती सुधारली तसे त्यातले सूक्ष्मजीव जोमाने कामाला लागले आणि साठलेला नायट्रोजन सुटायला लागला. एक दुरुस्त केलं की दुसरीकडे काहीतरी हलतं, प्रोजेक्टमध्ये हे जरूर येऊ द्या.

आणि एक प्रयोग मला स्वतःला फार आवडतो. स्वीडनमध्ये गोर्डशोन नावाची जागा आहे, तिथे १९९१ मध्ये एका लहानशा पाणलोटावर झाडांच्या फांद्यांच्या खाली छतच घातलं, वरून पडणारा आम्ल पाऊस अडवला आणि छताखाली स्वच्छ पाणी शिंपडलं. म्हणजे उद्यापासून पाऊस एकदम स्वच्छ झाला तर काय होईल हे करूनच बघितलं. झालं असं की मातीत आधी साठलेलं सल्फेट वर्षानुवर्षं निघतच राहिलं आणि पीएच काही पटकन चढला नाही. तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं ह्याहून सरळ उत्तर मला माहीत नाही.

सगळीकडे वेळ सारखा लागत नाही हेही त्याला सांगा. अमेरिकेच्या ईशान्येला हिमनद्यांनी घासून काढलेल्या पातळ माती, त्यात सल्फेट फारसं थांबत नाही, म्हणून पाऊस सुधारला की पाण्यातलं सल्फेट तरी लवकर उतरतं. व्हर्जिनियाकडे जुन्या, जाड, चिकणमातीच्या जमिनी, त्यांनी सल्फेट धरून ठेवलं आणि आता ते हळूहळू सोडतायत.

वृषाली_प्राणिशास्त्र
मी कॉलेजात झूलॉजी शिकवते, पाणकिडे हा माझा जिव्हाळ्याचा विषय, म्हणून इथे राहवत नाही. वरच्या चर्चेत पाणी सुधारण्यावर सगळे बोललेत, पण पाणी सुधारलं म्हणजे ओढा सुधारला असं नाही हो, ओढ्यात राहणारे परत आले पाहिजेत आणि ते आपल्या हातात फार कमी आहे.

आम्ल वाढताना सगळे एकदम मरत नाहीत. कॅनडात ऑन्टारिओमध्ये प्रयोगासाठीच राखलेल्या तलावांपैकी २२३ नंबरच्या तलावात डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी १९७६ पासून मुद्दाम थोडं थोडं सल्फ्युरिक ॲसिड टाकून पीएच ६.८ वरून हळूहळू ५ पर्यंत आणला. मोठा ट्राउट मासा आम्लाने मरण्याआधीच खंगला, कारण तो ज्या लहान माशांवर आणि झिंग्यासारख्या प्राण्यांवर जगायचा ते ६ च्या थोडं खालीच संपले होते. म्हणजे मोठा मासा दिसतोय म्हणून तलाव ठीक आहे असं समजणारा फसला असता.

परत येतानाचा क्रम वेगळाच. ज्यांना पंख आहेत ते उडून येतात, मेफ्लाय नावाच्या पाणकिड्याच्या माद्या शेजारच्या चांगल्या ओढ्यातून येऊन अंडी घालू शकतात, पण शेजारी चांगला ओढा उरला असेल तर. गोगलगायींना आणि झिंग्यासारख्यांना पंख नाहीत आणि वर त्यांना कवचासाठी कॅल्शियम लागतं, जे मातीतूनच गेलंय, त्यामुळे ते फार मागे राहतात. माशांना खालून वर चढायला वाट पाहिजे, मध्ये धबधबा किंवा बंधारा असला तर पाणी कितीही निर्मळ होऊ दे, माणसाने आणून सोडल्याशिवाय मासा येणार नाही. आणि रिकाम्या जागेत तोवर आम्ल सोसणाऱ्या जातींनी घर केलेलं असतं, त्या काही नव्याला जागा करून देत नाहीत.

वेल्समध्ये लिन ब्रायन धरणाच्या वरच्या ओढ्यांवर १९८१ पासून सलग अभ्यास चालू आहे. तिथे पीएचची सरासरी सुधारली, पण किडे अपेक्षेपेक्षा कमी परतले. ह्याचं एक मोठं कारण म्हणजे झटके. वर्षभर पाणी चांगलं, पण जोराचा पाऊस झाला की पाणी मातीच्या वरवरच्या आम्ल थरातूनच पळत ओढ्यात येतं, दोनचार दिवस पीएच कोसळतो आणि नेमकी त्याच वेळी अंडी किंवा पिल्लं असतील तर त्या वर्षीची पिढी गेली. थंड देशात बर्फ वितळतं तेव्हाही हेच होतं. म्हणून सरासरीवर कधी जाऊ नये, सगळ्यात वाईट दिवस कसा होता ते विचारावं.

अजून एक, ब्रिटनच्या आणि स्कँडिनेव्हियाच्या बऱ्याच ओढ्या-तलावांचं पाणी सल्फेट कमी झाल्यावर चहासारखं तपकिरी होत गेलं. लोकांना वाटलं नवीन प्रदूषण आलं. त्यामागे मोठ्या प्रमाणात सुधारणाच आहे, आम्ल कमी झालं की मातीतला सेंद्रिय भाग जास्त विरघळून पाण्यात येतो, बहुधा पूर्वीही हे पाणी तसंच असणार. फक्त त्या सेंद्रिय आम्लांमुळे पीएच आपल्याला वाटतो तितका वर चढत नाही.

खडकपाणी
इंदूरचं मी सांगतो, मालवा पठारावर बोअरवेलच्या सर्व्हेचं काम करत आलोय. खान नदीला ॲसिडची नदी म्हणू नका, तिचा रोग वेगळा, ती शहराच्या सांडपाण्याने मेली, पाण्यात ऑक्सिजनच राहत नाही. ती पुढे क्षिप्रेला मिळते म्हणून २०१६ च्या सिंहस्थाआधी तिचं पाणी पाइपलाइनने वळवायची वेळ आली. प्रोजेक्टमध्ये दोन्ही एकत्र केलं तर सगळा घोळ होईल.

आपल्याकडे ॲसिड रेनने ओढा मरणं फार अवघड आहे नी ह्याचं कारण पायाखालीच आहे. आपण बसलोय डेक्कन ट्रॅपच्या बेसाल्टवर, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्याच्या खनिजांत कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर नी तो झिजतोही ग्रॅनाइटपेक्षा पटकन. त्याचीच काळी माती, शेतात नांगर लागला की पांढरे कंकर वर येतात ना, ते कॅल्शियम कार्बोनेटच. बोअरच्या पाण्याने भांड्यांवर पांढरा थर धरतो तोही त्यातलाच. वरून उन्हाळ्याची धूळ, तीही कॅल्शियमची, पावसातलं बरंचसं आम्ल हवेतच मारते. मुलाला सुट्टीत जानापावला न्या, चंबळ तिथून निघते, किंवा चोरलच्या बाजूला, वाहत्या पाण्याचा पीएच पट्टीने बघा, ७ च्या वरच येईल असं मला वाटतं, नी काठावरचा खडक हातात घेऊन बघू दे.

पण म्हणून भारत सुरक्षित असं मुळीच लिहू नका, ह्या बाबतीत मला खरंच काळजी वाटते. केरळचा जांभा, ईशान्येकडची माती, छत्तीसगडकडची तांबडी-पिवळी जमीन, इथे आधीच कॅल्शियम कमी. आपल्याच मध्य प्रदेशात सिंगरौलीला केवढी कोळशाची वीजघरं आहेत. २०१५ ला सल्फर डायऑक्साइडसाठी नियम आला, धुराड्यांवर यंत्रणा बसवायची होती, मग मुदत वाढतच गेली नी २०२५ मध्ये बहुतेक प्लांट्सना त्यातून सूटच मिळाली. मातीतलं कॅल्शियम संपेपर्यंत ओढा काही बोलत नाही हे वर जुना_केमिस्ट सरांनी सांगितलंच आहे, तेव्हा अजून तरी काही दिसत नाही हा मुद्दा मला पटत नाही.

गौरी_शिलाँग
माहेर इंदूरचं, आता नोकरीमुळे शिलाँगला. आम्ल पाण्याचे ओढे भारतात बघायचे असतील तर मेघालयात जैंतिया हिल्समध्ये आहेत, पण ते पावसामुळे नाहीत. इथल्या कोळशात गंधक खूप, खाणी खणल्या की पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं खनिज, हवा-पाण्याला लागतं आणि सल्फ्युरिक ॲसिड तयार होतं, काही ओढ्यांचा पीएच ३-४ पर्यंत उतरलेला आहे. तळाचे दगड नारिंगी झालेले दिसतात आणि लुखा नदी हिवाळ्यात निळीशार होते, बघायला सुंदर दिसते म्हणून लोक फोटो काढतात आणि आत मासा नाही. खाली कोपिली नदीवरच्या वीजप्रकल्पाची यंत्रंसुद्धा ह्या आम्लाने खाल्ली. २०१४ मध्ये हरित लवादाने तिथल्या बिळांसारख्या खाणींवर बंदी घातली, पण उघड्या पडलेल्या जुन्या खाणींतून आणि ढिगाऱ्यांतून आम्ल येतच राहतं. पाऊस निदान धुराडी आवरली की सुधारतो, इथे खाण बंद झाली तरी आम्लाचा कारखाना जमिनीत चालूच असतो. मुलाला हवे असतील तर इथल्या ओढ्यांचे मी काढलेले फोटो पाठवते, त्याने तुलना म्हणून वापरावेत.

मुक्ता_लोकमान्यनगर
गौरीताई, फोटो नक्की पाठवा. सगळ्यांनी इतका वेळ देऊन लिहिलंत, तो वहीत उतरवून घेतोय. जानापावला ह्या रविवारी जाऊन येऊ. आता त्याला मॉडेलऐवजी काहीतरी करून दाखवायचंय, पाऊस सुधारला तरी पाणी लगेच का सुधारत नाही ते वर्गात सगळ्यांना दिसेल असं. घरच्या घरी होईल का? ॲसिड म्हणून बॅटरीचं पाणी घेऊ का विचारतोय.

शिरीष_वडोदरा
बॅटरीचं ॲसिड अजिबात नको, हात नी डोळे दोन्ही जातील. पांढरं व्हिनेगर घ्या, एक लिटर पाण्यात एक चमचा पुष्कळ झालं. पाणी मात्र आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं, नळाला येणारं नर्मदेचं नको, त्यात बायकार्बोनेट असतं, ते स्वतःच आम्ल मारतं नी प्रयोग फसतो.

प्लास्टिकच्या दोन बाटल्या बूड कापून उलट्या लावा, तोंडाला फडकं बांधा. एकीत नुसती धुतलेली वाळू. दुसरीत वाळूत थोडीशीच काळी माती मिसळून, कारण नुसती काळी माती ओली झाली की फुगते नी पाणी खाली जाऊच देत नाही. मोठे कंकर वेचून काढा, नाहीतर माती महिनाभर दमणार नाही. आता दोन्हींतून तेच व्हिनेगरचं पाणी कपाकपाने ओता नी खाली आलेल्या प्रत्येक कपाचा पीएच लिहा. वाळूतून जवळपास तसंच आंबट खाली येईल, मातीतून सुरुवातीला चांगलं येईल नी मग कधीतरी उतरायला लागेल. ते उतरून एका जागी थांबलं की मग दोन्हींत स्वच्छ पाणी ओतायला सुरुवात करा, हाच तुमचा सुधारलेला पाऊस, नी किती कपांनंतर पाणी परत ठीक होतं ते दोन्हींचं वेगळं लिहा.

जुना_केमिस्ट
शिरीषच्या प्रयोगाला एक जोड देतो, पट्ट्या नसतील तर लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात टाकून अर्क काढा, आम्लात तो गडद गुलाबी होतो आणि अल्कलीत हिरवा, वर्गात लांबूनही दिसेल. पण आकडे पाहिजेत तर पीएच पट्टीच, आणि ३ ते ७ मधले अर्धे अर्धे अंक दाखवणारी घ्या, १ ते १४ वाल्या स्वस्त पट्टीवर साडेपाच आणि सहा वेगळे कळत नाहीत, आणि माशांचं सगळं तिथेच ठरतं. प्रत्येक बाटलीच्या दोन दोन करा, म्हणजे एकीचं काही बिनसलं तर कळेल. आकडे माझ्या किंवा शिरीषच्या सांगण्यासारखे आले नाहीत तर ते तसेच लिहू दे, आणि इथे टाका, काय झालं असेल ते आपण सगळे मिळून बघू.